मराठीपण भाषेवाचून टिकते का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, कारण तो मला पुष्कळ पालक विचारतात आणि इतरांनाही हे उत्तर उपयोगी पडावे अशी इच्छा आहे. तुम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेले. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. घरात गणपती बसतो, गुढी उभारली जाते, होळीला पुरणपोळी होते, शिवरायांच्या गोष्टी मुलांना ठाऊक आहेत. मात्र तुम्ही मराठीत विचारले की मुलगा इंग्रजीत उत्तर देतो आणि आता मुलगीही त्याच वळणाने चालली आहे. यजमानांचे म्हणणे असे की संस्कृती टिकली आहे ना, मग भाषेसाठी घरात रोज ताण कशाला घ्यायचा. तुम्हाला ते पटत नाही, पण त्यावर काय बोलावे हे सुचत नाही. शेवटी तुम्ही विचारले आहे की आता उशीर झाला आहे का.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवण्यात आणि त्यांच्या पालकांशी बोलण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे. त्या अनुभवावरून सांगते की यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. भाषा गेली की संस्कृती संपली, हे वाक्य समारंभात टाळ्या मिळवते, पण इतिहास त्याला सरसकट दुजोरा देत नाही. आपल्याच कोकणातले बेने इस्रायल लोक पाहा. जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्यांची हिब्रू भाषा पूर्णपणे विसरली गेली. 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. तरीही ते ज्यू राहिले. शनिवारी काम न करणे, मुलग्यांची सुंता, खवले नसलेले मासे वर्ज्य करणे आणि आपसांत लग्ने करणे, एवढ्यावर त्यांनी आपली ओळख शतकानुशतके सांभाळली. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. म्हणजे भाषेवाचून ओळख टिकू शकते, याचा हा सज्जड पुरावा आहे.

पण हीच गोष्ट पुढे वाचली तर तिचा दुसरा अर्थ समोर येतो. याच समाजाने मराठी इतकी आपलीशी केली की त्यांचा धर्मही मराठीत बोलू लागला. पेणकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचली जाणारी हग्गादा ही पोथी १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि १८७४ साली पुण्यात निघालेल्या आवृत्तीतल्या चित्रांत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यात कीर्तने होऊ लागली. विषय जुन्या करारातल्या पुरुषांचा, रचना मात्र साकी-दिंडी-अभंगांची. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत वसली. तिथे १९६० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका घेतली गेली, लग्ने लावण्यात अडथळे आले, त्यांनी मोठे आंदोलन केले आणि १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू मानले जाईल असे तिथल्या संसदेने स्पष्ट केले. हा सगळा वाद वंशाचा आणि विवाहाचा होता. भाषेचा त्यात संबंध नव्हता. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांची भाषा हिब्रू आहे. संदेष्टा एलिया याच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळे मांडून केला जाणारा मलिदा अजून होतो, तो पाहून कोणाही कोकणी माणसाचे मन भरून येईल. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. पण मराठी बोलणे प्रामुख्याने वडीलधाऱ्यांकडे उरले आहे.

आता या दोन नुकसानांची तुलना करा. हिब्रू विसरल्याने त्या लोकांचे ज्यूपण गेले नाही, कारण त्याला धर्माचा आणि विवाहाच्या नियमांचा भक्कम आधार होता. मराठी विसरल्यावर मात्र त्यांच्या नातवंडांचे मराठीपण आजीआजोबांच्या आठवणीपुरते राहिले, कारण त्याला भाषेखेरीज कुठलाच आधार नव्हता. माझे सगळे म्हणणे या फरकात आहे. भाषा संस्कृतीसाठी महत्त्वाची आहे का, असा सर्वसाधारण प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. कोणती ओळख कशावर उभी आहे, असे विचारावे लागते.

मराठी ही ओळख कशावर उभी आहे? ती एका धर्माची नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. त्यातली मराठीची स्तुती आजही आवडीने उद्धृत केली जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठी संतकवींत मानाने गणले जातात. वसईचे ख्रिस्ती, कोकणातले मुसलमान, विदर्भातले बौद्ध, मराठवाड्यातले महानुभाव, पंढरीचे वारकरी, नागावचे ज्यू यांना एका नावाने हाक मारता येते ती केवळ भाषेमुळे. ती एका जातीचीही नाही, एका पोशाखाची नाही, एका जेवणाची तर मुळीच नाही; कोल्हापूरच्या आणि मालवणच्या माणसाला एका ताटात जेवायला बसवून पाहिले तर हे लगेच कळते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले ते भाषेच्या पायावर, आणि त्यासाठी झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. ज्या ओळखीचा पायाच भाषा आहे, तिच्यातून भाषा काढून घेतली तर उरलेल्या गोष्टींना मराठी म्हणण्याचे कारण शिल्लक राहत नाही.

तुमच्या घरापुरते हे आणखी स्पष्ट दिसते. तुम्ही ज्या सणांची यादी दिलीत, ते सगळे तुमच्या शेजारच्या कन्नड घरातही होतात. तुमच्या पाडव्याला त्यांची युगादी असते, तुमच्या गौरी-गणपतीला त्यांचेही गौरी-गणपती असतात आणि पुरणपोळी तर त्यांच्याकडे ओब्बट्टू किंवा होळिगे म्हणून तुमच्याइतकीच प्रेमाने लाटली जाते. ही फार आनंदाची गोष्ट आहे, दोन्ही प्रांतांच्या जुन्या एकोप्याची खूण आहे. पण मग तुमचा मुलगा मोठा झाल्यावर स्वतःला मराठी कशावरून म्हणेल? आडनावावरून म्हणेल. आडनावावरून पुढची पायरी जातीची असते. महाराष्ट्राबाहेर वाढून मराठी हरवलेली काही मुले मी मोठेपणी पाहिली आहेत. मराठी समाजाशी त्यांचा उरलेला संबंध लग्न जुळवण्याच्या वेळी जातीच्या मंडळामार्फत येतो. भाषा असती तर त्यांना कविता, नाटक, बातम्या, भांडणे, थट्टा या सगळ्यांतून जातीपलीकडच्या मराठी माणसांशी नाते जोडता आले असते. भाषा गेली की मराठीपण आकसत आकसत कुळाचार आणि पोटजात इथवर येऊन थांबते, याची मला मनापासून काळजी वाटते.

टिकवायची कशी, याकडे वळण्यापूर्वी दोन दूरची मराठी माणसे पाहू, कारण त्यांचे अनुभव एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

एक तंजावरची. शहाजीराजांची बंगळुरूची जहागीर तुम्हाला ठाऊकच असेल. तिथून त्यांचे पुत्र व्यंकोजी दक्षिणेला गेले आणि १६७६ च्या सुमारास त्यांनी तंजावरला राज्य स्थापले, ते १८५५ साली इंग्रजांनी खालसा करेपर्यंत चालले. व्यंकोजींचे पुत्र आणि तिथले पुढचे राजे, त्यांचेही नाव शहाजीच, यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली. सरफोजी राजांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या देवळातल्या दगडी भिंतीवर कोरला गेला. तिथे मराठी कीर्तन रुजले आणि तंजावरच्या कृष्ण भागवतरांसारख्या कलावंतांनी त्याला हरिकथेचे रूप दिले. आजही तमिळ हरिकथेत साकी आणि दिंडी ऐकू येतात. राज्य गेल्यावर राजाश्रय संपला, शाळा तमिळ आणि इंग्रजी झाल्या, देवनागरीची सवय सुटली आणि बऱ्याच घरांत मराठी तमिळ लिपीत लिहिली जाऊ लागली. तरीही ती बोली साडेतीनशे वर्षे चालत आली. चेन्नईत आणि तुमच्या बंगळुरूतही अशी घरे आहेत, शोधलीत तर भेटतील. त्यांची मराठी ऐकताना कान टवकारावे लागतात, कारण तिला तमिळ हेल आहे आणि तिच्यात आपण केव्हाच टाकून दिलेली जुनी रूपे आहेत. ही बोली टिकली ती माजघरात. एकत्र कुटुंबात आजीने नातवंडांशी दुसरी कोणतीही भाषा वापरली नाही, आणि सुना बहुतेक त्याच बोलीच्या घरांतून आल्या. घरे लहान झाली, लग्ने बाहेर होऊ लागली, तशी तिथलीही साखळी आता पातळ होत चालली आहे.

दुसरी मॉरिशसची. १८३४ नंतर मुंबई बंदरातून, मुख्यतः कोकणातून, करारावरचे मजूर म्हणून तिथे गेलेल्या माणसांनी केवढे कष्ट उपसले, हे वाचताना मन विषण्ण होते. त्यांच्या वंशजांनी मात्र आपले स्थान मानाने मिळवले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातल्या जाखडीची आठवण देणारे झाकरी नृत्य होते, शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि १९७० साली स्थापन झालेल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे वरचे शिक्षणही मिळते. पण घरातली भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली आहे. त्यामुळे मराठी प्रत्येक पिढीला नव्याने, पाठ्यपुस्तकातून, अक्षरओळखीपासून शिकावी लागते. तंजावरला शाळा नव्हती आणि घर होते. मॉरिशसला शाळा आहे आणि घर नाही. मॉरिशसच्या लोकांनी सरकारी मान्यता, पुस्तके, शिक्षक, परीक्षा यांपैकी जे जे मिळवता येते ते सगळे मिळवले आणि तेवढ्यानेही बोलती भाषा परत आली नाही, यावरून आपण काय ते समजावे. भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी मावळत्या भाषांच्या अभ्यासातून हाच आग्रह आयुष्यभर धरला की भाषा जगते ती आईबापांकडून आणि आजीआजोबांकडून लहान मुलापर्यंत घरात पोहोचते तेव्हा. शाळा, वर्तमानपत्रे आणि सरकार यांची मदत त्यानंतरची.

हे मुद्दाम सांगते, कारण पालक आमच्या शनिवार-रविवारच्या वर्गात मुलांना आणून सोडतात आणि निर्धास्त होतात. आठवड्यातल्या दोन तासांत मी बाराखडी शिकवू शकते, कविता म्हणून घेऊ शकते, पण मुलाची भाषा घडवू शकत नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, त्याचा मला अभिमान आहे. महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, तोही योग्यच झाला. परंतु पुण्यातल्या, ठाण्यातल्या सुशिक्षित घरांत आज जे चालले आहे ते तुमच्या घरापेक्षा फारसे वेगळे नाही, आणि त्याला कोणताही दर्जा किंवा कायदा पुरा पडणार नाही.

भाषा घरातून जाते कशी, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याच्या पायऱ्या दिसतात. पहिले मूल तीन-साडेतीन वर्षांपर्यंत उत्तम मराठी बोलते. मग ते शाळेत जाते आणि तिथली भाषा घरी आणते. आईबाप कौतुकाने त्या भाषेत उत्तर देतात, शिवाय शिक्षकांनी सुचवलेले असते की घरीही इंग्रजीच बोला. पुढे धाकटे भावंड येते. त्याच्याशी सर्वांत जास्त बोलते ते मोठे भावंड, आणि ते शाळेच्या भाषेत. त्यामुळे धाकट्याच्या कानावर जन्मापासून घरातच इंग्रजी पडते आणि दुसरे मूल पहिल्यापेक्षा नेहमी कच्चे राहते. दरम्यान आईबापांचे मराठीही आज्ञांपुरते उरते: उठ, आंघोळ कर, जेवून घे, टीव्ही बंद कर. अशा आज्ञांना शब्दांत उत्तर द्यावेच लागत नाही. मूल समजते पण बोलत नाही, अशी अवस्था येते ती इथून. त्याला भाषा नकोशी झालेली नसते. तिच्यात त्याला करण्याजोगे काही उरलेले नसते.

या शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त काम करावे लागते. माझ्या वर्गातल्या एका बारा वर्षांच्या मुलीचे उदाहरण देते. तिची आजी पाटण तालुक्यातल्या एका गावात राहते. दर रविवारी दोघींचा व्हिडिओ कॉल होई. आजी विचारी, "जेवलीस का?" ही म्हणे, "हो." "अभ्यास कसा चाललाय?" "छान." मग फोन आईकडे. दोघींचे प्रेम खोटे नव्हते, दोघींना एकमेकींशी बोलण्याजोगे काही सापडत नव्हते. मी वर्गाला काम दिले की प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत भीतीच्या रात्रीबद्दल विचारायचे आणि ते टिपून आणायचे. त्या आजीने ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगितली, कोयनेच्या भूकंपाची. मांडणीवरची भांडी एकामागून एक खाली आली, दावणीची जनावरे ओरडू लागली, सासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात काढले, आणि हिचे मूल आत पाळण्यात राहिले म्हणून ही पुन्हा आत गेली. मुलगी मध्येमध्ये विचारत होती. दावण म्हणजे काय, घर कशाचे होते, बाळ कोण होते. बाळ म्हणजे तिचा मोठा काका. तो फोन कितीतरी वेळ चालला आणि पुढच्या रविवारी आजीनेच आठवण केली की परवाचे अर्धे राहिले. मुलीच्या मराठीत लिंगाच्या आणि विभक्तीच्या चुका होत्या, आहेत. पण ती आता स्वतः फोन लावते. आजीकडे एक गोष्ट आहे जी दुसऱ्या भाषेत मिळणार नाही, हे तिला कळले, आणि व्याकरणाच्या कितीही धड्यांनी मी तिला ते कळवू शकले नसते.

सणात आणि या संभाषणात मला जो फरक वाटतो तो असा. सण मूल पाहते, त्यात सामील होते, पुढे तसाच करते. भाषा असेल तर ते त्याबद्दल विचारू शकते, वाद घालू शकते, आजीच्या सांगण्यातले काय मला पटत नाही हे आजीच्याच भाषेत तिला सांगू शकते. संस्कृती पुढे जाते ती अशा कुरबुरीतून. आपल्याकडे तर ही परंपराच आहे. संतांनी देवाशी भांडण केले तेही घरच्या मराठीत.

आता पालकांच्या मनातल्या दोन भीतींबद्दल. दोन भाषांमुळे मूल गोंधळते किंवा उशिरा बोलते, असे अजूनही काही शिक्षक आणि क्वचित डॉक्टरही सांगतात. द्विभाषिक मुलांवर जगभर झालेल्या अभ्यासांतून याला आधार मिळालेला नाही. मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळते तेव्हा ते हाताशी असलेला शब्द वापरत असते. कोणाशी कोणती भाषा बोलायची हे दोन-तीन वर्षांच्या मुलालाही नेमके कळते. ज्या मुलाला ऐकण्याची किंवा बोलण्याची खरी अडचण आहे, त्याची तपासणी जरूर करावी, पण त्यासाठी घरची भाषा बंद करू नये. दुसरी भीती इंग्रजी मागे पडण्याची. बंगळुरूत शाळेत जाणाऱ्या मुलाचे इंग्रजी मागे पडण्याची शक्यता नाही. ते चहूबाजूंनी त्याच्यावर येत आहे. कन्नडही त्याला आली पाहिजे, ती त्याच्या मित्रांची आणि त्याच्या गावाची भाषा आहे. मराठीचा आग्रह धरताना कन्नडकडे पाठ फिरवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि ते मला मुळीच आवडत नाही.

भीतीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे लाज, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. अनेक आईबाप मुलांशी मराठी बोलायला कचरतात, कारण त्यांची स्वतःची मराठी अहिराणी वळणाची, वऱ्हाडी, मालवणी किंवा तुमच्यासारखी सांगलीकडची असते आणि ती शुद्ध नाही असे त्यांना कोणीतरी कधीतरी ऐकवलेले असते. मग ते मुलांशी पुस्तकी मराठी बोलू पाहतात, ती त्यांनाच जड जाते आणि शेवटी ते इंग्रजीवर येतात. कृपा करून असे करू नका. तुम्ही रागावता, हसता, देवाला नवस बोलता त्याच भाषेत मुलांशी बोला. 'काय करायलास' म्हणत असाल तर तेच म्हणा. प्रमाण मराठी वाचनातून मागाहून येते; घरची बोली मागाहून कुठूनही येत नाही.

आणि हे आपल्याला स्वतःसाठी पटत असेल तर इतरांसाठीही पटले पाहिजे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी समोर येते ती मराठी, जी त्याच्या घरच्या भाषेशी दूरान्वयानेही संबंधित नाही. कोरकूचे कुळ मुंडा भाषांचे आहे. गडचिरोलीतल्या गोंडी मुलाची तीच कथा. इंग्रजी शाळेत तुमच्या मुलाचे जे होते, ते मराठी शाळेत त्यांचे होते, आणि त्यांच्यामागे आपल्यासारखे आठ कोटींहून अधिक भाषिकांचे बळ नाही. मायबोलीचा कैवार घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे लक्षात ठेवावे, असे मला कळकळीने वाटते.

राहिला उशिराचा प्रश्न. भाषा लहानपणी किती पूर्णपणे पुसली जाऊ शकते, याचा एक गंभीर दाखला आहे. कोरियात जन्मलेल्या आणि तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही जणांची मोठेपणी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांना कोरियन वाक्ये इतर अनोळखी भाषांतून वेगळी ओळखता आली नाहीत. पण त्या मुलांच्या कानावर कोरियन पडणेच थांबले होते. तुमच्या मुलाच्या कानावर मराठी रोज पडते आहे, त्याला ती समजते आहे. त्याचे बोलणे बंद आहे, भाषा बंद नाही. नऊ वर्षांच्या, समजणाऱ्या मुलाला बोलते करणे कष्टाचे आहे, पण मी ते झालेले अनेकदा पाहिले आहे.

तुमच्या घरासाठी मी सुचवेन ते असे. सुरुवात तुमच्या दोघांच्या आपसातल्या बोलण्यापासून करा. मुलांशी मराठी आणि नवराबायकोत इंग्रजी असे असेल, तर मोठ्या माणसांची खरी भाषा कोणती हे मुले बरोबर ओळखतात. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले तर रागावू नका, 'मराठीत सांग' असे दरडावूही नका. त्याचे म्हणणे मराठीत उच्चारून त्यावर पुढचा प्रश्न विचारा, आणि प्रश्न असा विचारा की ज्याला हो-नाही पुरत नाही. पाहुण्यांसमोर त्याला मराठी बोलून दाखवायला कधी सांगू नका आणि त्याच्या चुकांवर कोणाला हसू देऊ नका. मामा-काकांच्या एका हसण्याने कायमची गप्प झालेली मुले माझ्या माहितीत आहेत. जेवणानंतरचा अर्धा तास त्याला आवडणाऱ्या विषयावर मराठीत बोला. क्रिकेट असेल तर क्रिकेट, ग्रहतारे असतील तर ग्रहतारे. मराठी फक्त देवघराची आणि स्वयंपाकघराची राहिली तर तिचे वय त्याच्यासाठी पाच वर्षांवरच थांबेल. लिपी याच वर्षी शिकवा. शाळेत हिंदी असेल तर देवनागरी अर्धी झालेलीच असते, फक्त 'ळ' आणि च-ज-झ यांचे दोन उच्चार सांगावे लागतील.

मुलीच्या बाबतीत काम सोपे आहे आणि म्हणूनच तातडीचे आहे, कारण ती अजून घरातल्या मोठ्यांचे ऐकून बोलते. तिच्यासाठी मुलालाच शिक्षक करा. झोपताना तिला मराठी गोष्ट वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे द्या. तो अडखळत वाचेल, ती मध्ये प्रश्न विचारेल, आणि दोघांना आपसात मराठी वापरण्याचे निमित्त मिळेल. भावंडांची आपसातली भाषा हाती आली की निम्मे काम झाले. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांना तीन-चार आठवडे सांगलीला आजीआजोबांकडे ठेवा आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः तिथे राहू नका. तुम्ही जवळ असलात की मुले तुमच्याकडे वळून इंग्रजीत विचारतात आणि तुम्ही दुभाषे होता. तुम्ही नसलात की गल्लीतल्या पोरांशी खेळायला, दुकानातून बर्फाचा गोळा मागायला आणि हरलेल्या डावावरून भांडायला त्यांना मराठीखेरीज गत्यंतर राहत नाही. परत आल्यावर पहिला आठवडाभर ती मराठीतच बोलत राहतील. त्या आठवड्यात तुम्ही दोघांनी इंग्रजीकडे वळायचे नाही, एवढे यजमानांशी आधीच ठरवून ठेवा.